वीस नंबर, भाषा इतर

हॅलो? … कोण? … अगं तू होय! हळू बोल, हळू. पोरं झोपलीयेत… हो, आत्ताच, पाच मिनिटं झाली असतील. थांब, दार लोटून घेते… पूर्ण नाही लावत, आतलं दिसायला हवं. … हां. बोल बबडे. ऑफिसच्या वेळात तुझा फोन म्हणजे काहीतरी वाकडं आहे.

… आज? उद्या म्हणाली होतीस ना तपासणी? … मोठ्या मॅडम स्वतः? … तीन वाजता. … आणि पालकांना मेसेज? … सगळ्यांना गेले? … अच्छा, म्हणजे प्रत्येक पोरापुढे त्याचा एक पालक उभा करायचा आणि मग मोजायचं. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर! … नाही गं, हसत नाहीये. मला हसू येण्यासारखं काय आहे त्यात?

… हो, कळतंय. वीस नंबर. … कळतंय गं, किती वेळा सांगशील? पटावर वीस, वर्गात एकोणीस, आणि जास्तीचं नाव घुसडलं कोणी, तर आपण दोघी बहिणींनी. … तू नाही? वा! "ताई, एकच नाव कमी पडतंय, लिहून टाक, बाकी मी इथून बघते," हे कोण म्हणालं होतं? दोघींच्या नावांतली अक्षरं जोडून ते नाव कोणी बनवलं? अक्कल तुझी आणि अक्षर माझं. … बरं, बरं. नाही भांडत.

… काय लिहू? "नाव कमी"? … नाही लिहिणार.

… नाही म्हणजे नाही. … अगं ऐक ना… ऐकशील? एक नाव कमी झालं की एकोणीस. एकोणीस झाले की ही बालवाडी बंद. नियम तूच मला वाचून दाखवलास. मग ही पोरं जाणार कुठे? … पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत, हो, तुमच्या कागदावर जातात. तिथे साठ पोरांत एक बाई. माझ्याकडे एकोणीस पोरं आणि सात भाषा आहेत बबडे. "खाली बसा" म्हणायचं तर सात वेळा म्हणावं लागतं, आणि सातव्यांदा म्हणेपर्यंत पहिला उठून पळालेला असतो. … हो, हस तू. पण वीटभट्टीवाल्यांचा धाकटा आठव. चार महिने तोंड उघडलं नव्हतं त्याने. त्याच्या आईकडून मी त्यांचं एक गाणं शिकले, वाकडंतिकडं म्हटलं, तेव्हा कुठे तो हसला. आणि माझी चूक दुरुस्त केली, स्वतःहून! तो तिकडे गेला तर मागच्या कोपऱ्यात बसेल आणि परत मुका होईल. मला ते बघवणार नाही. … हो गं, तुझी मनी कुठेही रुळेल. तिच्या घरी आपलीच भाषा, तिचं काय अडतंय!

… आणि दुसरं म्हणजे, नाव कमी करायची गरज नाहीये. मोजले तर वीस भरतात.

… भरतात. … नाही, उसनं पोर आणलेलं नाही. शेजारणीचंही नाही, कोणाचंच नाही. … अगं शुद्धीवर आहे मी. … बबडे, महिना झाला, तुला सांगू की नको, सांगू की नको करतेय. आता सांगते. मध्ये बोलू नकोस.

डोकी मोजली की वीस होतात. नाव घेत, एकेकावर बोट ठेवत गेले की एकोणीस. … हो, मलाही आधी तेच वाटलं. चष्म्याचा नंबर तपासून आले. मग मदतनीस काकूंना मोजायला लावलं. त्यांचेही वीस. … कोण जास्तीचं ते सांगता येत नाही, तीच तर गंमत आहे! प्रत्येक चेहरा ओळखीचा असतो. हा भट्टीवाल्यांचा थोरला, हा धाकटा, ही डॉक्टरीणबाईंची, ही गालिचेवाल्यांची जुळी, ही आपली मनी… परका एकही नाही. आणि तरी वीस.

… सुरुवात? सुरुवातीला मी हजेरी घेताना एकोणीसवर थांबायचे. वीस नंबर मोठ्याने वाचायचेच नाही, गुपचूप "ह" टाकायचे आणि वही मिटायचे. मग माझा घसा बसला ना, त्या आठवड्यात काकूंनी हजेरी घेतली. त्यांना बिचारीला काय ठाऊक? त्यांनी वीसही नावं वाचली. आणि वर्गातून "हजर" आलं. … मी तिथेच बसले होते! … हो, पोरंच ती, कोणीतरी दुसऱ्याच्या वतीने ओरडलं असेल, मीही मनाशी तेच म्हटलं. पण तेव्हापासून चटई बघ ना. जास्तीची चटई कपाटात ठेवलेली असते. दुपारी ती कोण काढतं कोणास ठाऊक, ओळीत अंथरलेली सापडते. आणि संध्याकाळी गुंडाळायला घेतली की कोमट लागते.

… थांब हं. कोणीतरी उठलंय. … काय झालं राजा? … नूल? … घे, नूल घे. सावकाश. … ओशे आता. ओशे, शहाणा तो. … हां बबडे. काही नाही, जुळ्यांतला एक होता.

… काय? … मी काय म्हणाले म्हणजे? "पाणी घे, झोप आता" म्हणाले. … आपल्याच भाषेत की! … नाही? … मग काय म्हणाले?

…

… परत म्हणू नकोस ते. नको. तुझ्या तोंडून ऐकलं की कसंतरीच होतं.

… मनी? मनी घरी पाण्याला हेच म्हणते? कधीपासून? … आणि तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस! … भट्टीवाल्यांच्या पोरांकडून शिकली असेल असं वाटलं. अगं सगळ्यांना असंच वाटतं! भट्टीवाल्यांची बाई मला म्हणाली, डॉक्टरांकडची भाषा दिसते. डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "गालिचेवाल्यांकडून किती छान शब्द उचलले हो हिने!" गालिचेवाले म्हणाले, शाळेची भाषा ना ही? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतोय आणि सगळे खूश, की आपलं पोर किती मिसळून राहतं. कोणाच्याच घरची नाहीये ती भाषा. मी सातही भाषांच्या घरी विचारून आले.

… मला काय माहीत कोणाची! … नाही, माहीत आहे. तुलाही माहीत आहे. आठव, वीस नंबरच्या नावापुढे भाषेच्या रकान्यात आपण काय लिहिलं होतं? … तूच सांगितलंस ना, ओळखीची भाषा लिहू नकोस ताई, ऑफिसातून त्या भाषेतलं पत्र घरच्या पत्त्यावर जातं आणि परत येतं, बोभाटा होतो. … हां. "इतर."

… हो. "इतर." … ती "इतर" बोलते बबडे. आणि आता सगळी बोलतात. कानामागून आली आणि तिखट झाली.

… घाबरू नकोस काय! मी घाबरलेय. सरळ सांगते तुला, मला भीती वाटते. दिवसा, उजेडात, वीस पोरांच्या गलक्यात भीती वाटते. … आणि मायाही लागलीय, ते वेगळंच. कोण ते कळत नाही म्हणून मग मी सगळ्यांनाच जरा जास्त जवळ घेते. न जाणो, त्यातली एखादी तीच असली तर.

… खोडून टाक, खोडून टाक! एकच धोशा तुझा. केलं होतं मी. म्हणजे खोडलं नव्हतं, पण… मागचा सोमवार आठव. त्या दिवशी मी ठरवलं, पुरे झाली ही नसती ब्याद. पोरं यायच्या आधीच वीस नंबरपुढे "गैरहजर" लिहिलं. … ऐक तर. त्या दिवशी एकही पोर आलं नाही.

… एकही. साडेनऊ झाले, दहा झाले… मी, काकू आणि भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या. फोन लावत सुटले. डॉक्टरीणबाईंची गाडी सुरू होईना. भट्टीवाल्यांच्या दोघांना ताप. जुळ्यांचा दरवाजा आतून अडकलेला. आणि तू? तू काय म्हणाली होतीस? … बोल ना. … "मनी उठतच नाहीये." हलवलं तरी उठत नाही म्हणालीस. रडत होतीस तू.

… तेव्हा मी वही ओढली आणि "गैरहजर"वर काट मारून "हजर" केलं. घड्याळ बघितलं होतं मी, दहा वीस. … तुझा मेसेज अजून आहे माझ्याकडे. "ताई, उठली गं, हसतेय, आणून सोडते." दहा बावीस.

… कसला योगायोग, बबडे!

… म्हणजे काय, ते तूच जोड. तिच्यापुढे "इतर" लिहिलं, सगळी "इतर" बोलायला लागली. तिच्यापुढे "गैरहजर" लिहिलं, सगळी गैरहजर. आणि आता तिच्यापुढे "नाव कमी" लिहू म्हणतेस? … लिहू? तुझी मनी आत झोपलीये, खिडकीखाली. लिहू का सांग.

… हां. आता कसं.

… नको रडूस. हळू, तुझ्या ऑफिसात भिंतीलाही कान आहेत. … नाव तसंच राहू दे. डोकी मोजतील, वीस भरतील. प्रश्न एकच उरला, पालक. … वीस नंबरच्या पालकाच्या रकान्यात काय आहे आपलं? … "वडील, कामानिमित्त बाहेरगावी." हं. बाहेरगावचा बाप तीन वाजता कुठून उभा करायचा? … तुमची यादी कधी बंद होते? … पावणेतीन. आणि आत्ता? … दोन सदतीस. … त्यानंतर काहीच बदलता येत नाही? … वर्षभर? बरं. म्हणजे आठ मिनिटं आहेत.

… काकू? छे, काकू आजी शोभतात. … शिवणकामवाली? तिची स्वतःची दोन आहेत इथे, ती तिसऱ्याची आई म्हणून कशी उभी राहील? …

… बबडे, मी आहे ना.

… मी म्हणजे मी. लिही, आई, आणि पुढे माझं नाव घाल. … का, बालवाडीच्या बाईचं पोर बालवाडीत असू नये असा नियम आहे का? … नाही ना? मग! मॅडम नवीन आहेत, माझ्या घरी कोण आहे आणि कोण नाही त्यांना काय ठाऊक? … घरी मी आणि घड्याळ, ते तुला ठाऊक. … अगं इतकं खोटं लिहिलं, त्यात हे एक. बुडत्याचा पाय खोलात. लिही तू, वेळ घालवू नकोस. … पत्ता माझाच. फोन माझाच.

… घेत नाही म्हणजे? … लाल काय दिसतंय? वाच. … "आईची भाषा आणि मुलाची भाषा जुळत नाही." शहाणंच आहे की तुमचं यंत्र! … मग बदल भाषा. "इतर" काढ, आपली लिही. … हो, आपली. … अगं दोन त्रेचाळीस झाले, विचार कसला करतेस? दाब.

… दाबलंस? … हिरवं आलं? … देवा. सुटलो बाई. … नाही, पाणी पिते. तूही पी जरा. किती घाम आला मला, वही ओली झाली हाताने.

… हो, आता येऊ देत मॅडम. … मनीची पालक म्हणून तुलाही यायला हवं, निघ तिथून पाच मिनिटांत. … काकू? काकूंना फाटकाशी उभं केलंय, दोघीतिघी आया आधीच आल्यात बहुतेक, आवाज येतोय. …

… एक मिनिट.

… काही नाही. आत एकदम शांत झालंय. म्हणजे झोपेत असतात तेव्हा कोणी घोरतं, कोणी कूस बदलतं, कोणी अंगठा चोखतं त्याचा आवाज असतो… तो थांबला. … बघते. फोन चालूच ठेव.

… बबडे, सगळी उठून बसलीयेत.

… सगळी. एकाच वेळी. चटयांवर सरळ बसून माझ्याकडे बघतायत. … नाही, रडत नाहीये कोणी. … काय रे बाळा? … काय म्हणालास?

… बबडे, भट्टीवाल्यांचा धाकटा… तो म्हणाला, "आई, भूक लागली." … अगं आपल्या भाषेत म्हणाला! स्वच्छ. त्याला आपल्या भाषेतले चार शब्द येत नव्हते काल. … हो, "आई" म्हणाला. … मला. … थांब, ही जुळी… एकेक करून बोला रे… "आई, माझी वेणी घाल." "आई, याने माझी चटई घेतली…"

… अगं सगळी म्हणतायत! सगळी मला… बबडे, आपण आत्ता काय लिहिलं गं?

… बदल! परत "इतर" कर, बाहेरगावचा बाप घाल, काहीही कर! … किती? … दोन सत्तेचाळीस. … बंद झाली. … वर्षभर. … नाही! "नाव कमी" नको! यादी बंद झाल्यावर ऑफिसातून तेवढंच करता येतं म्हणून ते करायचं का? सोमवार विसरलीस?

… थांब, खिडकीशी भट्टीवाल्यांची बाई आलीये. ती हाक मारतेय त्यांना, तिच्या भाषेत. … नाही गं, वळून बघत नाहीयेत. … ती परत हाक मारतेय. ते गाणं म्हणतेय बिचारी, मला शिकवलेलं. … धाकटा मला विचारतोय… तो विचारतोय, "आई, ती बाई काय बोलतेय?"

… काय सांगू मी त्याला? मलाच समजेना. गाण्याचा एक शब्द आठवेना मला बबडे, एक शब्द. डॉक्टरीणबाईही आल्यात दारात, मुलीशी बोलतायत, ओठ हलताना दिसतात, मुलगी नुसती बघतेय. आणि मग माझ्याकडे पळत आली.

… मनी? मनी आहे ना. इथेच आहे, माझा हात धरून उभी आहे. … देते, देते. मने, घे बाळा, आई आहे फोनवर. … बोल ना. तुझी आई. … अगं असं काय करतेस, घे ना…

… बबडे, ती घेत नाहीये. … हसतेय. म्हणते, "आई तर तू आहेस."

… सांगितलं ना मी! मी मावशी आहे, मावशी म्हण, असं सांगितलं. … अगं तशी नको ओरडूस. … मी शिकवलं? मी? … तुझ्या लेकीला मी कशाला… बबडे, माझ्या तोंडाकडे बघून म्हण असं. …

… ऐक ना. अगं ऐक ना. एक सांगू? रागावशील. … इतकी वर्षं सगळ्यांची "बाई" होते मी. संध्याकाळी एकेक करून सगळी कोणाचं तरी बोट धरून जायची. मागे वळून हात करायची, की मी दार ओढून घरी. आणि आत्ता वीस जणं मला… मला बरं वाटतंय गं. इतकं बरं वाटतंय की भीती वाटतेय. … हो, वाईट आहे. मला कळतंय की वाईट आहे. … ये तू. ये, तुला बघितल्यावर ओळखेल ती. ओळखेलच. पोटची पोर आहे…

… थांब. मॅडम आल्या. … या ना मॅडम, या, नमस्कार. … हो, सगळी हजर आहेत. मोजा ना, मोजा तुम्ही. … … वीस. हो मॅडम. बरोबर वीस. … नाही, कोणाचा नाही, असाच फोन… ठेवतेच आहे.

… हॅलो. अहो, कोण हवंय तुम्हाला? … बहीण? मला बहीण नाही हो बाई, चुकीचा नंबर लागलाय. … रडू नका. … नाही, इथे तुमचं कोणी नाही, वीसही माझीच आहेत. … ठेवते.